नाताळचा क्रोशा श्रावणातच सुरू व्हावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाताळला अजून चार महिने आहेत, तरी हे पत्र आत्ताच पाठवत आहोत. क्रोशाच्या सजावटीचे आणि भेटवस्तूंचे विणकाम सुरू करायची वेळ हीच आहे, डिसेंबर नव्हे. सांगली, मिरज, सातारा, वाई, पाचगणी या भागात दरवर्षी डिसेंबरच्या मध्यावर बचत गटांच्या टेबलांवर पांढऱ्या चांदण्या, लाल-हिरवी कडी, छोटे सांताक्लॉज मांडलेले दिसतात. करणाऱ्यांचा हात चांगला असतो, हौसही असते. पण घाईत केलेली चांदणी पुढच्या वर्षी डब्यातून काढली की पिवळी पडलेली, चिकट, टोके आत वळलेली निघते. गिऱ्हाईक एकदा फसले की पुन्हा त्या टेबलाकडे फिरकत नाही. हे टाळता येते, आणि कसे ते सविस्तर लिहावे असे आम्हाला वाटते.

आधी वेळापत्रक. ख्रिस्ती घरांत आणि चर्चमध्ये तयारी २५ डिसेंबरला सुरू होत नाही. नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे, म्हणजे पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. सजावट विकत घेणारे त्याच सुमारास घेतात. मधे दिवाळी येते आणि त्या दिवसांत कोणत्याही घरातल्या बाईला सुई हातात धरायला फुरसत नसते. म्हणून श्रावण-भाद्रपदात नुसते विणून ठेवावे. ताठ करण्याचे काम मात्र पावसात अजिबात करू नये. दमट हवेत खळ वाळत नाही, आंबते, आणि दोऱ्यावर काळे ठिपके उठतात. ते काम दसऱ्यानंतर, हवा कोरडी पडल्यावर घ्यावे. विणलेले तुकडे तोवर धुऊन, पूर्ण वाळवून, जुन्या सुती कापडात गुंडाळून ठेवावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल अडकते.

दोऱ्याबाबत सगळ्यात जास्त चुका होतात. लोंबत्या चांदणीला सुती, मर्सराइज्ड (प्रक्रिया करून चकाकी आणलेला) क्रोशा दोराच हवा. अॅक्रिलिक लोकर स्वस्त आणि मऊ असते, पण ती खळ किंवा गोंद पिऊन घेत नाही. वरवर थर बसतो आणि दोन दिवसांत चांदणी मान टाकते. शिवाय गरम इस्त्री लागली की वितळते. दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, हे नव्या मुलींना पहिल्यांदा सांगावे लागते. १० नंबरला १.५ मिमीची सुई, २० नंबरला १ ते १.२५ मिमीची, आणि ४० नंबर हा रुखवतातल्या बारीक लेसचा दोरा, तो सजावटीला वापरून डोळे शिणवू नयेत. विट्याकडे यंत्रमागाचे सूत कोनावर स्वस्त मिळते म्हणून काही जणी तेच सात-आठ पदर एकत्र घेऊन वापरतात. त्या पदरांना एकत्र पीळ नसतो, त्यामुळे सुईचे टोक पदरांच्या मधे घुसते, एखादा पदर बाहेर राहतो आणि पहिल्या धुण्यात तिथे भोक दिसू लागते. पैसे वाचतात ते वेळेत जातात. पांढऱ्या दोऱ्याच्या गुंड्या घेताना सगळ्या एकाच लॉटच्या घ्याव्यात. दुकानातल्या दिव्यात दुधी आणि शुभ्र सारखेच दिसतात. झाडावर शेजारी-शेजारी टांगले की फरक उघडा पडतो.

मोबाइलवर बघून करणाऱ्यांसाठी एक खबरदारी. अमेरिकी नमुन्यातला 'सिंगल क्रोशे' म्हणजेच ब्रिटिश नमुन्यातला 'डबल क्रोशे', आणि अमेरिकी 'डबल' म्हणजे ब्रिटिश 'ट्रेबल'. नमुना कुठला हे न बघता विणले तर वस्तू एक तर निम्म्या उंचीची होते किंवा लोंबकळते. नमुन्यात 'सिंगल' हा शब्द दिसला तर तो अमेरिकी समजावा. या पत्रात आम्ही 'आखूड खांब' म्हणतो तो वेढा न घेता, सुईवरचे दोन फंदे एकदम सोडवून केलेला. 'खांब' म्हणजे आधी एक वेढा घेऊन, नंतर दोन-दोन फंदे दोनदा सोडवून केलेला. 'जोडटाका' म्हणजे सुई घालून धागा थेट दोन्ही फंद्यांतून ओढलेला.

आता षटकोनी चांदणी, जिला बर्फाचा कण म्हणून ओळखतात. टोके सहाच घ्यावीत. पाणी गोठताना त्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात, म्हणून खऱ्या हिमकणाला सहा फाटे असतात. आठ टोकांचे केले तर ते टेबलावरच्या रुमालाचे फूल वाटते. १० नंबरचा दोरा, १.५ मिमी सुई. ६ साखळ्या घालून पहिल्या साखळीत जोडटाक्याने कडे करा. पहिली फेरी: ३ साखळ्या (हा पहिला खांब), कड्यात आणखी १ खांब, मग २ साखळ्या आणि कड्यात २ खांब असे पाच वेळा, शेवटी २ साखळ्या घालून सुरुवातीच्या तिसऱ्या साखळीला जोडा. १२ खांब आणि सहा खिडक्या (साखळ्यांखालच्या मोकळ्या जागा) झाल्या पाहिजेत. दुसरी फेरी: जोडटाक्यांनी सरकत पहिल्या खिडकीत या. प्रत्येक खिडकीत २ खांब, ३ साखळ्या, २ खांब, आणि दोन खिडक्यांच्या मधे १ साखळी. या फेरीत २४ खांब होतात. तिसरी फेरी: पुन्हा सरकत तीन साखळ्यांच्या खिडकीत या. तिथे ३ खांब, मग टोक, मग त्याच खिडकीत ३ खांब, आणि पुढच्या एक साखळीच्या जागेत १ आखूड खांब. टोक असे करायचे: ५ साखळ्या घालून त्यांतल्या पहिलीत जोडटाका, ७ साखळ्या घालून त्यांतल्या पहिलीत जोडटाका, पुन्हा ५ साखळ्या घालून पहिलीत जोडटाका. हे तीन पिको. सहा टोकांवर मिळून १८ पिको. प्रत्येक फेरीचा पहिला खांब म्हणजे ३ साखळ्या, हे धरूनच मोजावे.

चांदणी साधारण सहा-सात सेंटिमीटरची होते आणि चार-पाच मीटर दोरा लागतो. हाताच्या ओढीप्रमाणे यात फरक पडतो. म्हणून मोठी ऑर्डर घेण्याआधी गुंडीचे वजन करावे, पाच चांदण्या विणाव्यात आणि गुंडी पुन्हा तोलावी. यासाठी सोनाराकडे असतो तसला छोटा काटा बरा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर एवढा बारीक फरक दिसत नाही.

बिघडते कुठे तेही सांगतो. चांदणी वाटीसारखी वर वळली तर खांब संख्येने कमी पडले आहेत किंवा मधल्या साखळ्या घट्ट आहेत. कडेला झालर आली तर कुठेतरी जास्तीचे खांब शिरले आहेत, फेरी उसवून मोजा. पिको एका बाजूला कलंडतात ते बहुतेक वेळा शेवटच्या खांबाला लागून जोडटाका नीट न बसल्यामुळे. पिकोचा जोडटाका त्याच पिकोच्या पहिल्या साखळीच्या दोन धाग्यांतून घातला तर तो सरळ उभा राहतो. आणि दोऱ्याचे शेवटचे टोक कापण्याआधी किमान १० सेंमी ठेवून ते सुईने तीन दिशांना ओवावे. एकाच दिशेने ओवलेले टोक धुताना सुटते.

धुण्याचा विषय निघाला म्हणून आमच्या जिल्ह्यापुरते एक. सांगली हळदीचे गाव. स्वयंपाक करून तसेच विणायला बसले की पांढऱ्या दोऱ्याला पिवळा हात लागतोच. हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो आणि बाया घाबरून तो तुकडा टाकून देतात. साबणाच्या क्षाराने हळदीचा रंग बदलतो, एवढेच असते ते. साध्या पाण्यात खळबळून ओला तुकडाच कडक उन्हात ठेवावा. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, एक-दोन दिवसांत डाग निघून जातो. ब्लीच वापरू नये, दोरा कमकुवत होतो.

ताठ करणे हा या कामाचा कणा आहे, आणि तिथेच सगळ्यात कमी लक्ष दिले जाते. चार पद्धती प्रचलित आहेत. साबुदाण्याची किंवा मैद्याची खळ, कॉर्नफ्लोअरची खळ, साखरेचा पाक आणि पांढरा गोंद. साखरेचा पाक (तीन वाट्या साखरेला एक वाटी पाणी) परदेशी नमुन्यांत हमखास दिलेला असतो आणि चांदणी काचेसारखी कडक होते यात शंका नाही. पण आपल्याकडे ती मुंग्यांना आमंत्रण देते, आणि जूनमध्ये हवेतले पाणी ओढून घेऊन चिकट होते. आमच्या मते सातारा-सांगलीत साखर वापरूच नये. खळ स्वस्त आणि निर्मळ आहे, चांदणी मऊसर पण छान उभी राहते. मात्र कसर आणि झुरळे खळीवर येतात. म्हणून खळ केलेली वस्तू नाताळ संपला की धुऊन, खळ काढून ठेवायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा खळ करायची. हे विकताना गिऱ्हाइकाला सांगितले पाहिजे, चिठ्ठीवर लिहून दिले पाहिजे. ज्याला धुण्याची कटकट नको त्याच्यासाठी फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद आणि पाणी समप्रमाणात. पूर्ण वाळल्यावर तो पारदर्शक होतो आणि किडे लागत नाहीत. उणीव एकच: पाण्याने तो मऊ पडतो. कृष्णाकाठी डिसेंबरात पहाटेचे दव भरपूर असते, तेव्हा गोंदाची चांदणी घरात टांगावी, व्हरांड्याबाहेर नको.

कृती अशी. थर्मोकोलच्या तुकड्यावर कागद ठेवून कंपासने ४ सेंमी त्रिज्येचे वर्तुळ काढा. कंपासचे माप न बदलता तेच माप परिघावर टिपत गेलात की बरोबर सहा खुणा येतात. त्यांतून मध्यापर्यंत रेषा ओढा आणि वर पातळ प्लॅस्टिक ताणून लावा. चांदणी आधी साध्या पाण्यात भिजवून पिळून घ्या. कोरडा दोरा गोंद असमान पितो, म्हणून हे आवश्यक. मग गोंदपाण्यात पाच मिनिटे बुडवा, बोटांनी दाबून जास्तीचे पाणी काढा, पिळू नका. मध्याला एक टाचणी, मग समोरासमोरची टोके ओढून लावा: एक आणि चार, दोन आणि पाच, तीन आणि सहा. ओळीने एक-दोन-तीन असे लावत गेलात तर चांदणी एका बाजूला ओढली जाते. शेवटी प्रत्येक पिकोला एक, अशा १८ टाचण्या. खिडक्यांत गोंदाचा पडदा धरला असेल तर सुती कापडाच्या कोपऱ्याने टिपून घ्या, नाहीतर वाळल्यावर तिथे ढगाळ पापुद्रा राहतो. टाचण्या स्टेनलेसच्याच घ्याव्यात. साध्या टाचण्यांचा गंज ओल्या दोऱ्यात उतरतो आणि तो तांबडा डाग कशानेही पूर्ण जात नाही. सावलीत पूर्ण एक दिवस वाळू द्या. अर्धवट वाळलेली काढली की टोके आत वळतात, आणि मग ती परत भिजवून पहिल्यापासून सगळे करावे लागते.

ज्यांना खळ-गोंदाचा खटाटोपच नको, त्यांनी बांगडीवरचे कडे करावे. हे आपल्याकडचेच काम आहे, रुखवतात बांगड्यांवर विणलेली तोरणे पिढ्यान्पिढ्या असतात. नाताळचे हिरवे कडे त्याच पद्धतीने होते आणि ताठपणा बांगडी देते. २.६ मापाची बांगडी घ्यावी, तिचा आतला व्यास सुमारे ६० मिमी असतो. काचेची नको, मुलांच्या हातून पडते. स्वस्त लोखंडी मुलाम्याची नको, धुतल्यावर गंजते. प्लॅस्टिकची, अॅल्युमिनियमची किंवा पितळेची चालते. चार पदरी सुती दोरा, २.५ मिमी सुई. बांगडीवरून ४८ आखूड खांब घालून फेरी जोडा. खांब एकमेकांना चिकटून बसले पाहिजेत, मधे बांगडी दिसता कामा नये. दिसत असेल तर आणखी चार किंवा आठ घाला, पण एकूण चारच्या पटीतच ठेवा. दुसऱ्या फेरीत: १ आखूड खांब, १ टाका सोडून पुढच्यात ५ खांब, १ टाका सोडून पुन्हा आखूड खांब. असे पाच-पाच खांबांचे बारा शिंपले होतात. शिंपल्यांची फेरी बांगडीच्या बाहेरच्या बाजूला राहील असे खांब सारून घ्यावेत. वर लाल रिबिनीची गाठ, खाली एक घुंगरू. पुढच्या वर्षी नुसते धुतले की झाले.

झाडावरचे गोळे सोपे आहेत, थोडक्यात सांगतो. चार पदरी दोरा, २.५ मिमी सुई, सरकत्या गाठीत ६ आखूड खांब. पुढे प्रत्येक फेरीत सहा वाढवत १२, १८, २४, ३०, ३६. मग सहा फेऱ्या ३६ वरच. मग त्याच क्रमाने सहा-सहा कमी करत ६ पर्यंत. पाचेक सेंटिमीटरचा गोळा होतो. वाढीचे टाके दर फेरीत एकमेकांच्या बरोबर वर आले तर गोळा षटकोनी दिसतो, म्हणून एक फेरी सोडून ते अर्ध्या अंतराने सरकवावेत. भरण्यासाठी पॉलिस्टरचा फायबर घ्या. कापूस गोळे धरतो आणि धुतल्यावर आतून वाळत नाही, त्याला कुबट वास येतो. लाल आणि पांढरा एकत्र वापरणार असाल तर लाल दोऱ्याची परीक्षा आधी घ्या. ओल्या दोऱ्यावर पांढरे कापड ठेवून गरम इस्त्री दाबा. कापड गुलाबी झाले तर तो दोरा पांढऱ्याजवळ आणू नका. मीठ-व्हिनेगरने रंग पक्का होतो अशी समजूत आहे, पण रंगाई झालेल्या दोऱ्यावर त्याचा भरवसा धरता येत नाही.

भेटवस्तूंमध्ये आमची सगळ्यात आवडती वस्तू म्हणजे फराळाच्या ताटावरचा रुमाल. नाताळात आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांतून शेजारीपाजारी करंज्या, शंकरपाळे, केकचे ताट जाते. त्यावर झाकायला मणी लावलेला क्रोशाच्या काठाचा रुमाल असला की ताट परत येताना रुमालही सांभाळून परत येतो. पांढरे मलमल किंवा पॉपलिन रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. न भिजवलेले कापड नंतर आटते आणि काठ झालरीसारखा फुगतो. दुमड घातल्यावर बाजू ३८ सेंमीच्या आसपास यावी. कडेने साध्या सुईने ४ मिमी अंतरावर काजाचे टाके घाला, एका बाजूला ९६ घरे. मग २० नंबरचा दोरा आणि १ मिमीची सुई घेऊन प्रत्येक घरात २ आखूड खांब, कोपऱ्यात ३.

इथे हिशेब बघा. शिंपल्याचा नमुना सहा टाक्यांचा आहे. कोपऱ्यातल्या मधल्या टाक्यात एक शिंपला हवा, तर दोन कोपऱ्यांच्या मधल्या टाक्यांदरम्यान सहाच्या पटीत एक कमी इतके टाके लागतात. ९६ घरांचे १९२ आणि दोन्ही कोपऱ्यांचा एकेक धरून १९४ होतात, लागतात १९१. म्हणून प्रत्येक बाजूला लांब-लांब तीन ठिकाणी दोनाऐवजी एकच खांब घाला. हे पहिल्याच फेरीत केले नाही तर शेवटच्या कोपऱ्यावर शिंपला अर्धा येतो, आणि तिथे ओढाताण करून बसवलेला काठ कितीही इस्त्री केली तरी लपत नाही.

शेवटची फेरी मण्यांची. एका बाजूला कोपरे सोडून ३१ शिंपले, चार बाजूंचे १२४, आणि कोपऱ्यांचे ४, एकूण १२८ मणी. सगळे मणी विणायला घेण्याआधी दोऱ्यात ओवून ठेवावे लागतात, म्हणून १३५ ओवा. कमी पडला तर दोरा तोडावा लागतो, जास्त झाला तर टोकाकडून काढून टाकता येतो. ओवायला बारीक सुई सापडत नसेल तर दोऱ्याचे टोक नेलपॉलिशमध्ये बुडवून वाळवा, ते सुईसारखे कडक होते. क्रोशात मणी नेहमी कामाच्या मागच्या बाजूला बसतो. म्हणून ही फेरी रुमाल उलटा धरून विणायची: १ आखूड खांब, २ टाके सोडून पुढच्यात ५ खांब, त्यांतल्या तिसऱ्या खांबाआधी मणी सुईजवळ सरकवायचा, २ टाके सोडून पुन्हा आखूड खांब. कोपऱ्यात ५ ऐवजी ७ खांब, आणि मणी चौथ्याला. मणी काचेचे घ्या. प्लॅस्टिकच्या मोत्यांचा मुलामा गरम पाण्यात निघतो, आणि ते हलके असल्यामुळे पंख्याच्या वाऱ्याने रुमाल उडतो. झाकणाचा उपयोगच मण्यांच्या वजनामुळे आहे.

सुरक्षिततेबद्दल दोन-तीन गोष्टी लेखांत आणि व्हिडिओंत क्वचित येतात, त्या इथे लिहिणे आम्हाला गरजेचे वाटते. आगमनकाळाच्या पुष्पचक्रात मेणबत्त्या लावतात. त्याभोवती क्रोशाचे काहीही ठेवू नये. सुती दोरा पटकन पेट घेतो आणि अॅक्रिलिक वितळून अंगाला चिकटते. दिव्यांच्या माळेवर विणलेली फुले चढवायची असतील तर माळ एलईडीचीच हवी, जुन्या तापणाऱ्या बल्बवर नको. तीन वर्षांखालच्या मुलांसाठीच्या सांताला, मेंढराला बटणाचे किंवा मण्याचे डोळे लावू नयेत, काळ्या दोऱ्याने भरावेत. ओढून निघालेला मणी थेट घशात जातो. खेळण्याची वीण घट्ट हवी, म्हणून दोऱ्याला सुचवलेल्या सुईपेक्षा अर्धा मिमी बारीक सुई घ्यावी, म्हणजे फायबर बाहेर डोकावत नाही.

आता किमतीबद्दल, कारण हे पत्र विकत घेणाऱ्यांसाठीही आहे. 'दोरा तर पाच रुपयांचा, मग चांदणी पन्नासला कशी?' हा प्रश्न प्रत्येक टेबलावर विचारला जातो. सराईत हाताला वर दिलेली चांदणी विणायला अर्धा तास लागतो, धुणे-ताणणे-टाचण्या लावणे यात आणखी दहा मिनिटे. तासाला ६० रुपये ही काही मोठी मजुरी नाही, तरी ४० रुपये हाताचेच झाले. त्यात दोरा, गोंद, पिशवी आणि मग प्रदर्शनाचे भाडे. ताटावरच्या रुमालाला तर चार-पाच तास जातात, तो दीडशेला मागणे म्हणजे करणारीने पदरचे घालणे. खरा क्रोशा हातानेच होतो. बाजारात मीटरवर मिळणारी 'क्रोशे लेस' वेगळ्या यंत्राची वेगळी वीण असते. त्यामुळे अगदी स्वस्त मिळालेली क्रोशाची वस्तू म्हणजे कुठल्यातरी बाईला कमी मजुरी मिळालेली असते. आंध्रातल्या नरसापूरला १९व्या शतकात मिशनऱ्यांनी हे काम शिकवले, पुढे तिथली लेस परदेशात जाऊ लागली. घरी बसून नगावर विणणाऱ्या बायकांच्या हाती मात्र त्यातले थोडेच पडत आले. आयर्लंडमध्येही १८४५ नंतरच्या दुष्काळात असंख्य घरांना क्रोशाच्या लेसनेच आधार दिला. आपल्याकडे हे काम नव्याने उभे राहत असताना दर सुरुवातीलाच नीट ठरलेला बरा. गटांनी प्रत्येक वस्तूचा वेळ घड्याळ लावून मोजावा, वहीत लिहावा आणि त्यावरून किंमत ठरवावी. शेजारच्या टेबलाचा भाव बघून ठरवू नये.

चर्चच्या महिला मंडळांना, शाळांना आणि मिरजेतल्या मिशन हॉस्पिटलच्या परिसरातल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांना आमची विनंती आहे की ऑर्डर गणपतीच्या आधी द्यावी. ऑर्डरमध्ये माप सेंटिमीटरमध्ये, रंग दोऱ्याचा तुकडा जोडून, संख्या, खळ हवी की गोंद, आणि टांगायची जागा घरात की बाहेर, एवढे लिहून दिले की दोन्ही बाजूंचे वाद मिटतात. दोऱ्याची किंमत तरी आगाऊ द्यावी, कारण एकाच लॉटचा दोरा एकदम घ्यावा लागतो आणि तो पैसा बहुतेक गटांकडे त्या महिन्यात नसतो.

आपल्या महिला पुरवणीत सप्टेंबरमध्ये षटकोनी चांदणीची खुणांची आकृती आणि १:१ मापाचा ताणण्याचा साचा छापता आला तर फार उपयोग होईल. साचा वर्तमानपत्राच्या कागदावर असला तरी वर प्लॅस्टिक लावून तो थेट थर्मोकोलवर वापरता येतो. मात्र प्लॅस्टिक न लावता वापरू नये, छपाईची शाई ओल्या दोऱ्याला लागते, हे आकृतीखाली ठळक छापावे. आकृती आम्ही काढून देऊ.

आपल्या,
क्रोशा शिकवणाऱ्या काही जणी
मिरज, जि. सांगली